सप्टेंबरचा पट ते मार्चचा हिशेब: जिल्हा परिषद शाळेच्या निधीचा पायरीवार मार्ग

फेब्रुवारी उजाडला की पंचायत समितीच्या शिक्षण विभागात एक ठरलेलं दृश्य दिसतं. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष हातात अर्ज घेऊन उभे असतात. ‘छत गळते, तरी निधी मिळावा ही विनंती.’ गरज खरी असते, अर्जही खरा असतो. लिपिक आवक शिक्का मारतो आणि कागद फाईलला लागतो. तिथून तो पुढे का जात नाही, याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: वेळ टळून गेलेली असते आणि दारही चुकलेलं असतं.

हा लेख महाराष्ट्रातील जिल्हा परिषद शाळांचे मुख्याध्यापक आणि समितीच्या सदस्यांसाठी आहे. नगरपालिका आणि महानगरपालिकेच्या शाळांत क्रम बराचसा असाच, फक्त ग्रामपंचायतीचा टप्पा नसतो आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या जागी प्रशासन अधिकारी येतात. खासगी अनुदानित शाळांच्या वेतन आणि वेतनेतर अनुदानाचा मार्ग पूर्ण वेगळा आहे, तो इथे घेतलेला नाही.

## तयारी: एक फाईल आणि सहा कागद

कोणतीही मागणी करण्याआधी एका फाईलमध्ये हे कागद एकत्र करा. प्रत्येक टप्प्यावर यातलाच एखादा मागितला जातो आणि नेमका तोच सापडत नाही.

- यू-डायस (शाळांची माहिती नोंदवण्याची सरकारी प्रणाली) मधला शाळेचा ११ अंकी क्रमांक आणि गेल्या वर्षीच्या भरलेल्या यू-डायस माहितीची छापील प्रत
- जागेचा पुरावा: ग्रामपंचायतीचा नमुना ८ किंवा सातबारा, जो शाळेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या नावे असेल तो
- समिती स्थापनेचं इतिवृत्त आणि सदस्यांची यादी
- समितीच्या बँक खात्याचा तपशील आणि पीएफएमएस या सरकारी पैशांच्या ऑनलाइन प्रणालीवरील नोंदणी
- मागच्या वर्षीचं उपयोगिता प्रमाणपत्र (निधी कशावर खर्च झाला याचा दाखला), कार्यालयाच्या पोचेसह
- इमारतीचे तारखेसह फोटो, शक्यतो पावसाळ्यातले

जागेच्या कागदाबद्दल एवढंच सांगतो की जुन्या शाळांच्या जागा अनेकदा गावातल्या कुणीतरी तोंडी दिलेल्या असतात. पन्नास वर्षं शाळा सुरळीत चालते, आणि नव्या खोलीचा प्रस्ताव गेला की कुणाच्या तरी नातवाचं नाव सातबारावर निघतं. हा गुंता सोडवायला महिने लागतात. म्हणून हा कागद आजच काढून पाहा.

## १. आधी दार ओळखा

‘शाळेचा निधी’ असं एकच खातं नसतं. पैसा निदान चार वाटांनी येतो आणि प्रत्येक वाटेचं काम ठरलेलं असतं.

संयुक्त शाळा अनुदान. समग्र शिक्षा योजनेतून येतं. केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४० टक्के. राज्यात महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषदेकडून जिल्हा आणि तालुक्यामार्फत ते शाळेच्या समितीपर्यंत पोचतं. वीजबिल, खडू, नादुरुस्त साहित्य बदलणं, शैक्षणिक साहित्य, पिण्याचं पाणी, इमारत आणि शौचालयांची किरकोळ देखभाल यासाठी ते वापरायचं. त्यातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करावा लागतो.

ग्रामपंचायत. वित्त आयोगाचा निधी आणि ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न. पाणी, शौचालय, हात धुण्याची जागा, संरक्षक भिंत अशा कामांसाठी हे दार सर्वांत जवळचं, आणि शाळा सर्वांत कमी वेळा ठोठावतात तेही हेच.

जिल्हा वार्षिक योजना. पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समिती हा आराखडा मंजूर करते. नव्या वर्गखोल्या आणि मोठी दुरुस्ती इथून होते.

जिल्हा परिषदेचा सेस. परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नाचा भाग. रक्कम मर्यादित असते आणि वाटप शिक्षण समिती व सर्वसाधारण सभेच्या निर्णयावर चालतं.

शालेय पोषण आहार आणि गणवेश यांचे पैसे या चारांत धरू नका. त्यांचे हिशेब स्वतंत्र असतात आणि त्यांतला रुपयाही दुसरीकडे वळवता येत नाही, उसना म्हणूनही नाही.

> नेहमीची चूक: गळक्या छताची मागणी संयुक्त अनुदानातून करणं. चार पत्रे बदलायचे असतील तर ते काम या अनुदानात बसतं. अख्खं छप्पर उतरवायचं असेल तर ती मोठी दुरुस्ती झाली. अनुदानाच्या २५ हजारांत ती उरकायला गेलात तर कामही अर्धवट राहील आणि वर्षभराचं वीजबिलही थकेल.

## २. ३० सप्टेंबरचा पट

या लेखातली एकच पायरी लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. यू-डायस प्लससाठी ३० सप्टेंबर ही संदर्भ तारीख असते. त्या दिवशीच्या पटावर पुढची बरीच गणितं बसवली जातात. संयुक्त अनुदानाचे टप्पे पाहिले म्हणजे त्याचं वजन कळेल:

- १ ते ३० विद्यार्थी: १०,००० रुपये
- ३१ ते १००: २५,००० रुपये
- १०१ ते २५०: ५०,००० रुपये
- २५१ ते १,०००: ७५,००० रुपये
- १,००० च्या वर: १,००,००० रुपये

ही वर्षाची कमाल मर्यादा आहे. प्रत्यक्षात पैसे टप्प्याटप्प्याने येतात, कधी कमीही येतात. आता पहिली आणि दुसरी ओळ पुन्हा वाचा. ३० मुलांच्या आणि ३१ मुलांच्या शाळेत १५,००० रुपयांचा फरक पडतो. १०० आणि १०१ मध्ये २५,००० चा. वर्गात बसलेलं एक मूल संगणकावर दिसलं नाही, तर वर्षभराचं वीजबिल आणि साहित्याचा खर्च गेला म्हणून समजा.

मूल दिसत नाही त्याची कारणंही ठरलेली आहेत. दुसऱ्या गावातून आलेल्या मुलाला जुन्या शाळेने प्रणालीतून सोडलेलंच नसतं. किंवा सोडलेलं असतं, पण ते ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये पडून असतं आणि नव्या शाळेने उचललेलं नसतं. आधारवरचं नाव आणि दाखल-खारीज नोंदवहीतलं नाव जुळत नाही. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर आलेल्या कुटुंबांची मुलं वर्गात बसतात, पण त्यांची नोंद ‘नंतर करू’ म्हणून राहून जाते.

काय करायचं:

१. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात हजेरीपट, दाखल-खारीज नोंदवही आणि प्रणालीतली यादी समोरासमोर ठेवा. एकेक नाव बोट ठेवून जुळवा.
२. जे नाव प्रणालीत नाही, त्याच्या जुन्या शाळेला त्याच दिवशी फोन करा आणि लेखी पत्रही पाठवा.
३. शाळा सोडून गेलेल्या मुलांची नावं तुम्हीही सोडून द्या. पट फुगवून ठेवणं हा गुन्ह्यासारखाच प्रकार आहे, आणि आधार पडताळणीमुळे तो आता टिकतही नाही.
४. माहिती प्रमाणित करण्याआधी छापील प्रत काढून समितीच्या बैठकीत वाचून दाखवा.

पटाइतकंच महत्त्वाचं पान इमारतीचं. वर्गखोल्यांची स्थिती यू-डायसमध्ये चांगली, किरकोळ दुरुस्ती आवश्यक आणि मोठी दुरुस्ती आवश्यक अशी भरायची असते. शौचालयांत किती वापरात आहेत तेही विचारलं जातं. घाईत मागच्या वर्षीचे आकडे तसेच उतरवले जातात. कुठे ‘आपली शाळा वाईट दिसायला नको’ म्हणून सगळ्या खोल्या ‘चांगल्या’ लिहिल्या जातात. मग त्याच शाळेचा दुरुस्तीचा प्रस्ताव जिल्ह्यात जातो, तिथला कर्मचारी यू-डायस उघडतो आणि त्याला सहापैकी सहा खोल्या उत्तम दिसतात. त्या प्रस्तावाला आपणच नकार लिहून दिलेला असतो.

> तपासा: माहिती वरच्या स्तरावर प्रमाणित झाली की ती शाळेच्या हातात राहत नाही. दुरुस्तीसाठी मग तालुक्याच्या मिनतवाऱ्या कराव्या लागतात. चुका आधीच शोधा.

## ३. समितीचा ठराव आणि शाळा विकास आराखडा

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. मिळालेल्या अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवणं हे तिचं कायद्यातच लिहिलेलं काम आहे. कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडाही हीच समिती करते. शाळेला काय हवं ते सांगण्याचा कायद्याने दिलेला हा कागद आहे. बहुतेक शाळांत तो कपाटात असतो आणि मागच्या वर्षीची तारीख खोडून नवी घातलेली असते.

आराखडा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करा, कारण समग्र शिक्षेच्या पुढच्या वर्षाच्या वार्षिक योजनेची आकडेमोड हिवाळ्यातच सुरू होते. प्रत्येक मागणीसमोर चार गोष्टी लिहा: काम काय, किती मुलांसाठी, अंदाजे खर्च किती, आणि पायरी १ मधलं कोणतं दार. शेवटचा रकाना भरला की अर्धा गोंधळ तिथेच संपतो. ‘शाळेचा सर्वांगीण विकास करणे’ असली वाक्यं लिहू नका, त्यावर कुणी पैसे देत नाही. ‘मुलींच्या शौचालयात पाण्याची जोडणी, ४८ मुली, पाइप ३० फूट’ असं लिहा.

ठरावात सूचक, अनुमोदक, बैठकीची तारीख आणि ठराव क्रमांक हवाच. हजर सदस्यांच्या सह्या बैठकीतच घ्या. घरोघर फिरून घेतलेल्या सह्या लेखापरीक्षकाला लगेच ओळखू येतात, कारण सगळ्या एकाच पेनाने आणि एकाच घाईत झालेल्या असतात.

## ४. ग्रामसभा

‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने ग्रामपंचायतीचा वार्षिक आराखडा होतो आणि त्याची तयारी साधारण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. शाळेचं काम त्या आराखड्यात नसेल तर सरपंच कितीही चांगले असले तरी वर्षाच्या मध्ये ते काम घालणं कठीण जातं.

१५व्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या काळात ग्रामपंचायतीच्या निधीचा ६० टक्के भाग बंधित होता, म्हणजे निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेला ४० टक्के अबंधित. शाळेचं शौचालय, पाण्याची टाकी, हात धुण्याची जागा ही कामं थेट बंधित भागात बसतात. हे माहीत नसलेल्या शाळा अबंधित ४० टक्क्यांसाठी रस्ते आणि गटारांच्या रांगेत उभ्या राहतात आणि मागे पडतात. आयोग बदलला की टक्केवारी आणि अटीही बदलतात. त्यामुळे चालू वर्षाची विभागणी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून, म्हणजे आपल्या पूर्वीच्या ग्रामसेवकांकडून, लेखी मागून घ्या.

क्रम असा ठेवा:

१. सप्टेंबरमध्ये समितीचा ठराव.
२. ग्रामसभेच्या किमान आठवडाभर आधी ग्रामपंचायतीला पत्र आणि त्याची पोच.
३. ग्रामसभेत समितीच्या अध्यक्षांनी आणि चार-पाच आयांनी प्रत्यक्ष हजर राहून विषय मांडणं. मुख्याध्यापकांनी एकट्याने मांडलेला विषय ‘सरकारी मागणी’ वाटतो. आई उभी राहून मुलींच्या शौचालयाबद्दल बोलली की सभा ऐकते.
४. ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल.
५. आराखडा ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढल्यानंतर आपलं काम त्यात आहे का ते स्वतः पाहणं.

पाचवी पायरी कुणी करत नाही. सभेत टाळ्या वाजतात, ठराव होतो आणि संगणकावरच्या यादीत काम नसतंच. दर वेळी त्यात कुणाचा डाव असतोच असं नाही, कधी टंकणारा थकलेला असतो.

## ५. मोठी दुरुस्ती आणि नवी वर्गखोली

इथे क्रम चुकला की वर्ष जातं.

प्रथम मुख्याध्यापकांचं पत्र गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, समितीचा ठराव आणि फोटो जोडून. तिथून जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागाकडे पाहणीची मागणी जाते. अभियंता जागेवर येऊन इमारत पाहतो आणि अंदाजपत्रक करतो. मग शिक्षणाधिकाऱ्यांमार्फत प्रस्ताव जिल्ह्याच्या यादीत जातो. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश हे त्यानंतर.

अभियंता येईल त्या दिवशी मुख्याध्यापक किंवा अध्यक्ष शाळेत हजर हवेत. कुठली भिंत फुगते, पाणी कुठून येतं हे त्याला दाखवा. कुलूपबंद शाळा बाहेरून पाहून केलेल्या अंदाजपत्रकात रंगरंगोटी येते आणि तुळई राहून जाते.

खोली धोकादायक झाली असेल तर दुरुस्तीचा विचार सोडा आणि निर्लेखनाचा प्रस्ताव करा. निर्लेखन म्हणजे ती इमारत वापरातून आणि दप्तरातून कमी करण्याची रीतसर मंजुरी. ती मिळेपर्यंत जुनी खोली पाडता येत नाही, आणि ती कागदावर उभी आहे तोवर तिथे नवी मंजूर होणं अवघड. गावकऱ्यांनी उत्साहात श्रमदानातून पडकी खोली पाडली आणि नंतर सरकारी मालमत्ता विनापरवाना पाडल्याचा खुलासा मुख्याध्यापकांना द्यावा लागला, असं प्रकरण मी जवळून पाहिलं आहे.

> थांबा: निर्लेखन मंजूर होईपर्यंत त्या खोलीत मुलं बसवू नका. खोली बंद केल्याचं पत्र कार्यालयाला द्या आणि दारावर ठळक सूचना लावा.

प्रस्तावासोबत ‘हे काम अन्य कोणत्याही योजनेतून मंजूर नाही’ असं प्रमाणपत्र मागितलं जातं. एकच काम ग्रामपंचायत, आमदार निधी आणि जिल्हा योजना अशा तिन्हीकडे मागून ठेवणाऱ्या शाळा इथेच अडकतात. तिन्ही ठिकाणी चौकशी जरूर करा, पण एकीकडे मंजुरी आली की उरलेल्या दोघांना त्याच आठवड्यात पत्राने कळवा.

निवडणुकांचं वेळापत्रकही डोळ्यांसमोर ठेवा. आचारसंहिता लागली की नवी कामं थांबतात. कार्यारंभ आदेशाविना पडलेला प्रस्ताव मग दोन-दोन महिने हलत नाही.

## ६. अनुदान आलं, आता खर्च

खात्यावर खर्चाची मर्यादा आल्याचं कळलं की पहिलं काम बैठक. दुकान नंतर.

१. मंजुरीचं पत्र नीट वाचा. कोणत्या बाबीसाठी, किती, कधीपर्यंत, हे त्यात असतं.
२. समितीची बैठक घेऊन बाबवार ठराव करा. रक्कम २५,००० असेल तर स्वच्छतेचे किमान २,५०० आधी बाजूला काढा, नंतर वीजबिल, मग बाकीचं.
३. दरपत्रकं मागवा. किती रकमेपुढे किती दरपत्रकं लागतात, हे तालुक्याच्या लेखा कर्मचाऱ्यांना विचारून त्याप्रमाणे चाला. तिन्ही दरपत्रकं एकाच हस्ताक्षरात नसावीत, हे सांगावं लागू नये, पण लागतं.
४. पुरवठा आदेश द्या, साहित्य मोजून घ्या, मग बिल. बिल समितीच्या आणि शाळेच्या नावाने हवं, त्यावर क्रमांक आणि तारीख हवी.

तारखांचा क्रम नेहमी असाच: मंजुरी पत्र, ठराव, दरपत्रक, पुरवठा आदेश, बिल, देयक (म्हणजे प्रत्यक्ष पैसे देणं). लेखापरीक्षणात रकमेआधी तारखा पाहिल्या जातात. ठरावाच्या आधीच्या तारखेचं बिल असेल तर खरेदी कितीही प्रामाणिक असो, आक्षेप निघतो. खिशातून खर्च करून ‘नंतर बिल लावू’ म्हणणारे गुरुजी मनाने फार चांगले असतात, आणि वसुलीही त्यांच्याकडूनच होते.

## ७. पीएफएमएसवरून देयक

समितीचं खातं आता शून्य शिल्लक पद्धतीचं असतं. खात्यात रोख साठत नाही, फक्त खर्चाची मर्यादा दिसते. देयक केलं की वरच्या मुख्य खात्यातून पैसे थेट दुकानदाराच्या खात्यात जातात.

- दुकानदाराचं खातं आणि आयएफएससी पासबुकावरून तपासून आधीच नोंदवा. पडताळणीला वेळ लागतो.
- देयक तयार करणारा आणि मंजूर करणारा यांची लॉगिन वेगवेगळी असतात. दोन्ही पासवर्ड एकाच शिक्षकाच्या मोबाइलमध्ये ठेवायची सोय करू नका.
- योजनेतील बाब निवडताना थांबून वाचा. ग्रंथालयाची रक्कम संयुक्त अनुदानात टाकली गेली की हिशेब जुळत नाही आणि दुरुस्तीला पत्रव्यवहार करावा लागतो.
- पेमेंट ॲडव्हाइस छापून सह्या करून मुदतीत बँकेत द्या. मुदत गेली की सगळं पुन्हा करावं लागतं.

> इशारा: ३१ मार्चला न वापरलेली मर्यादा परत जाते. शेवटच्या आठवड्यात सर्व्हरवर सगळा महाराष्ट्र असतो. तुमची शेवटची तारीख १५ मार्च समजा.

## ८. नोंदी आणि उपयोगिता प्रमाणपत्र

त्याच दिवशी रोकडवहीत नोंद, प्रमाणकाला (व्हाउचरला) क्रमांक. टिकाऊ वस्तू जडसंग्रह नोंदवहीत, खडू-फिनेलसारख्या वस्तू उपभोग्य साठ्यात. वस्तूवर नोंदवहीचा क्रमांक रंगाने लिहून ठेवा.

उपयोगिता प्रमाणपत्रात फक्त प्रत्यक्ष चुकती झालेली रक्कम धरायची. बिल आलंय पण देयक झालेलं नाही, ते खर्चात येत नाही. प्रमाणपत्राची पोच घ्या आणि खर्चाचा तक्ता शाळेच्या फलकावर लावा. आदल्या वर्षीचं प्रमाणपत्र न दिलेल्या शाळांमुळे तालुक्याचा हिशेब अडतो, आणि पुढचा हप्ता मागताना सर्वात आधी त्याच शाळांची यादी समोर येते.

## ९. पैसे आलेच नाहीत तर

आधी शेजारच्या दोन शाळांना विचारा. त्यांनाही आले नसतील तर अडचण वरची आहे. तुमच्या एकाच शाळेला आले नसतील तर कारण बहुधा खातं, पीएफएमएस नोंदणी किंवा पट यांत सापडेल.

मग केंद्रप्रमुख, गटसाधन केंद्रातील लेखा कर्मचारी, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी (प्राथमिक) या क्रमाने जा. प्रत्येक पत्रात आधीच्या पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख लिहा. उडी मारून थेट मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे गेलात तर अर्ज फिरून पुन्हा गटशिक्षणाधिकाऱ्यांच्याच टेबलावर येतो, अभिप्रायासाठी.

तरीही उत्तर नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. उत्तराची मुदत ३० दिवस. हा अर्ज पालक सदस्याने स्वतःच्या नावाने केलेला बरा, मुख्याध्यापकांना त्यात ओढू नका. ‘निधी का दिला नाही’ असं विचारू नका, कारणं विचारली की उत्तर टोलवलं जातं. असं मागा: ‘अमुक आर्थिक वर्षात तालुक्यातील शाळांना वितरित संयुक्त शाळा अनुदानाची शाळानिहाय यादी, त्यासाठी धरलेल्या पटसंख्येसह, आणि वितरण आदेशाची प्रत.’ यादी हातात आली की आपल्या शाळेच्या नावासमोरचा पट पाहा आणि हजेरीपटाशी ताडून बघा.